पाण्याचा आकडा यंत्र सांगेल. 'निघा' कोण म्हणणार?

पोस्ट मोठी आहे. पण नदीकाठच्या माणसांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. मृग तोंडावर आलाय, आणि त्याआधी हे बोलून मोकळं व्हायचंय. यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्या चुकीतूनच सुचलंय.

जुलै २०२४. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती. वाडीचं दत्त मंदिर पाण्यात होतं. आपल्या कुरुंदवाडात खालच्या गल्ल्यांतली माणसं सामान माळ्यावर चढवत होती. म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसांनी जे करायचं ते सगळं चालू होतं.

त्या वर्षी मी या पेजवर एक नवीन सोय केली होती. ओळखीच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं मला छोटासा प्रोग्रॅम करून दिला होता. एका संकेतस्थळावर आपल्याजवळच्या ठिकाणची पाणीपातळी येते, ती दर तासाला आपोआप उचलायची, मागच्या आकड्याशी तुलना करायची आणि पेजवर पोस्ट टाकायची. आकडा, वेळ आणि पुढे एक शब्द. वाढ, घट किंवा स्थिर. मी झोपलेला असो, जेवत असो, नाहीतर शिरोळला मीटिंगला गेलेला असो, पोस्ट पडणारच. लोक खूश होते. "साहेब, तुमच्यामुळं रात्रभर जागावं लागत नाही," असे मेसेज यायचे. खरं सांगतो, छाती फुगली होती.

त्यातल्या एका रात्री मी बाराच्या सुमारास झोपलो. दोन दिवस धड झोप नव्हती आणि प्रोग्रॅम जागा होता.

एक वाजता पोस्ट पडली, स्थिर. दोन वाजता स्थिर. तीन वाजता स्थिर. चार वाजता स्थिर.

पाणी स्थिर नव्हतं. आकडा स्थिर होता. आकडा येणं मध्येच कुठंतरी बंद पडलं होतं, आणि संकेतस्थळावर रात्रीचा जुनाच आकडा तसाच उभा होता. प्रोग्रॅमनं त्याला सांगितलेलं काम चोख केलं. नवा आकडा घेतला, जुन्याशी ताडला, दोन्ही सारखे दिसले, म्हणून 'स्थिर' लिहिलं. सारखे का आहेत, हे विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही.

खालच्या अंगाला एक काकू राहतात. नाव घेत नाही. घरात त्या आणि अंथरुणावरचे काका. गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू. मुलगा इचलकरंजीला मागावर, रात्रपाळीला. त्यानं एक वाजता कारखान्यात माझी पोस्ट बघितली आणि आईला फोन केला, "आई, पाणी थांबलंय. झोप आता. सकाळी येतो आणि म्हशी हलवूया."

पहाटे पाणी गोठ्यात आलं. शेजारच्या पोरांनी छातीभर पाण्यात जाऊन दावी कापली, म्हशी बाहेर काढल्या, काकांना खुर्चीसकट उचलून आणलं. रेडकू मात्र गेलं.

मी सकाळी कॅमेरा घेऊन तिथं गेलो. बातमीसाठीच गेलो होतो, खोटं का बोलू. काकू एका ओट्यावर बसल्या होत्या. चिडल्या नव्हत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या,

"तूच लिवलं हुतंस न्हवं, पाणी थांबलंय म्हणून?"

"मी नाही काकू, प्रोग्रॅमनं लिहिलं." हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते शब्दशः खरंही होतं. पण पोस्टवर नाव माझं होतं, फोटो माझा होता. तिच्या मुलानं प्रोग्रॅमवर विश्वास ठेवला नव्हता, त्यानं माझ्यावर ठेवला होता. मी गप्प बसलो. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. आपण आपली कामं यंत्रांना द्यायला लागलोय. देऊ, द्यायलाच पाहिजेत. पण कुठलं काम द्यायचं आणि कुठलं हातात ठेवायचं, ही वाटणी कुणी बसून केलीय का? की जे यंत्राला जमतं ते त्याला देऊन टाकायचं आणि उरलेलं 'बघेल कुणीतरी' म्हणून सोडून द्यायचं?

आता कुणी म्हणेल, हे सगळं एआय आल्यावरचं आहे. नाही. आपल्या नदीवर हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो राधानगरीला आहे.

राधानगरी म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी मुहूर्तमेढ रोवलेलं धरण. ८.३६ टीएमसीचं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो, "राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला." मीही ती बातमी कित्येकदा दिलीय. पण 'उघडला' या शब्दाकडं कधी नीट बघितलंय? 'उघडण्यात आला' असं आपण लिहीत नाही. कारण तो कुणी उघडत नाहीच. पाणी ३४७.५० फुटांना भिडलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा आपोआप उघडतो, आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतो. बटण नाही, संगणक नाही, आदेश नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी. आणि हे तंत्र आपल्या राज्याला नवं नाही. सर विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले ते १९०३ साली. म्हणजे 'यंत्रानं स्वतः ठरवायचं' हे आपल्याकडं सव्वाशे वर्षांचं जुनं आहे.

या दरवाज्याचे गुण बघा. त्याला झोप येत नाही. त्याला मंत्र्याचा फोन येत नाही. "आमच्या गावची जत्रा आहे, दोन दिवस थांबा," असं त्याला कुणी सांगू शकत नाही. रात्री दोन वाजता कर्मचारी घाटात अडकला तरी त्याचं काही अडत नाही. धरण वाचवणं हे त्याचं काम आहे आणि ते तो बिनचूक करतो. या कामाला माणूस ठेवला असता तर आपल्याला इतकी शांत झोप लागली नसती.

आता त्याचा दोष बघा. त्याला फक्त एकच गोष्ट कळते, पाणी काठाला लागलं की नाही. खाली कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आहे की ४३ वर, त्याला माहीत नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णा आधीच तुडुंब आहे, त्याला माहीत नाही. पुढचे तीन दिवस अतिवृष्टीचा अंदाज आहे, तेव्हा आत्ताच थोडं पाणी सोडून जागा करून ठेवावी, असा विचार तो करूच शकत नाही. धरण भरेपर्यंत तो गप्प राहतो आणि भरलं की बोलतो. तेव्हा नेमकं खालीही सगळं भरलेलं असतं. म्हणूनच पुरानंतर दर वेळी मागणी होते, की राधानगरीला माणसाला चालवता येतील असे दरवाजे हवेत, म्हणजे पाणी आधी सोडता येईल.

म्हणजे गंमत बघा. जगभर माणसाचं काम यंत्राला द्यायची घाई चाललीय, आणि आपण आपल्या नदीवर यंत्राचं काम माणसाला परत द्या म्हणून मागतोय. यात मागासलेपण काही नाही. ही मागणी शहाणपणाची आहे. पण ती करताना आपण नेमकं काय मागतोय ते समजून घेतलं पाहिजे.

आधी पाणी सोडायचं म्हणजे काय? समजा जुलैच्या मध्यात अंदाज बघून धरण थोडं रिकामं केलं, आणि पाऊस आलाच नाही. तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये भोगावती काठाच्या उसाला पाणी कमी पडणार. आणि नाही सोडलं आणि पाऊस आला, तर कुरुंदवाडातल्या काकूच्या गोठ्यात पाणी येणार. एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान तराजूत घालायचं आहे. हे गणित नाही. गणित यंत्राला येतं. कुणाचं नुकसान आपण पत्करायचं, हा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याचं नाव कागदावर पाहिजे. उद्या आपण जाऊन विचारू शकू, "तुम्ही का नाही सोडलं?" आणि त्यानं उत्तर दिलं पाहिजे. दरवाज्याला कोण विचारणार?

कोयनेला तसं आहे. १०५ टीएमसीचं धरण, दरवाजे माणसांच्या आदेशानं उघडतात. अलमट्टीलाही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग होता, आणि तो कधी वाढवायचा यावर दोन राज्यांत फोनाफोनी चालली होती, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. त्या पुरानंतर वडनेरे समिती बसली. तिच्या निष्कर्षांवर आजही वाद आहेत. वाद घालता येतो, कारण निर्णय माणसांनी घेतले होते. मला तर हे चांगलं वाटतं. ज्या निर्णयावर वाद घालता येतो, तो पुढच्या वेळी सुधारता येतो.

आणि यंत्रं काही कमी बसवलेली नाहीत, हेही सांगतो. हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसले. धरणात किती पाणी येणार, किती सोडलं तर खाली किती चढणार, याचा अंदाज संगणकावर काढायची व्यवस्था उभी राहिली. हे काम यंत्रानंच करावं. दाजीपूरच्या जंगलात भर पावसात रात्री तीन वाजता किती मिलिमीटर पडला, हे बघायला माणूस पाठवणं हा अन्याय आहे. मोजणं, लक्षात ठेवणं, न कंटाळता बघत राहणं, शंभर ठिकाणचे आकडे एका वेळी डोक्यात धरणं, यात आपण यंत्राच्या पासंगाला पुरत नाही. मान्य करून टाकू.

पण आपल्या गावाची एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना पटकन कळत नाही. पंचगंगा वाडीला कृष्णेला मिळते. वर हरिपूरला वारणा आधीच कृष्णेत आलेली असते. खाली दानवाडकडं दूधगंगा येते. चार नद्यांचं पाणी या एका तालुक्यात. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही, ती मागं तुंबते. याला आपण फुगवटा म्हणतो. म्हणून कोल्हापुरात पाऊस उघडलेला असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरत असतं, टीव्हीवर 'पुराचा धोका टळला' अशी पट्टी चालू असते, आणि आपल्याकडं पाणी अजून वर चढत असतं. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून "बरं झालं, उतरलं ना पाणी?" विचारतात, तेव्हा आपण गुडघाभर पाण्यात उभे असतो.

हे फुगवट्याचं शहाणपण घाटाच्या पायऱ्यांवर आहे, वाडीच्या दक्षिणद्वारात आहे, म्हाताऱ्या माणसांच्या काडीत आहे. काडी माहीत आहे ना? पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. घटकाभरानं जाऊन बघायचं. पाणी काडीच्या वर गेलंय की काडी उघडी पडलीय. जगातलं सर्वात स्वस्त पातळीमापक. त्याची बॅटरी संपत नाही. पण ते बघायला माणसाला जाऊन यावं लागतं, आणि मुद्दा तिथंच आहे. काडी बघायला गेलेला माणूस येताना चार दारं ठोठावत येतो.

त्या रात्री माझ्या पोस्टमुळं नेमकं तेच थांबलं होतं. नंतर मी गल्लीतल्या लोकांना विचारलं, "काडी कुणी बघितली नाही का?" एकजण म्हणाला, "बघणार होतो. पण तुमचं येतच होतं की मोबाईलवर." यंत्र चुकलं, हा दोष लहान आहे. यंत्रं चुकणारच. मोठा दोष हा, की ते आल्यावर बघणारी माणसं बघायची थांबली. आणि ती थांबली आहेत हे मला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मी जागा आहे. मला वाटलं प्रोग्रॅम जागा आहे. प्रोग्रॅमला काहीच वाटत नव्हतं.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यात होतं असं समजू नका. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं विमान रिओहून पॅरिसला चाललं होतं. अटलांटिक महासागरावर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला. वेगाचा आकडा खोटा यायला लागला. स्वयंचलित यंत्रणेनं हात वर केले आणि विमान अचानक वैमानिकांच्या हातात दिलं. रात्र, ढग, आणि इतक्या उंचीवर हातानं विमान चालवायचा सराव नाही. नेमकं काय झालंय हे त्यांना उमगेपर्यंत विमान समुद्रात कोसळलं. २२८ माणसं गेली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच याबद्दल लिहून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं आहे. सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडं फक्त अवघड काम उरतं, तेही अचानक समोर येतं, आणि रोजचं काम सुटल्यामुळं त्याचा हात त्यात बसलेला नसतो. आमच्या आजीला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. विहिरीत रोज पोहणाऱ्यालाच पुरात उडी मारू द्यावी.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कुणी मला यंत्रविरोधी म्हणायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीला तांत्रिक काम चालू असताना एक दरवाजा उघडा राहून अडकला आणि भर हिवाळ्यात भोगावतीला पाणी धावलं. ते संकट माणसांचं काम चालू असताना आलं आणि माणसांनीच ते निस्तरलं. माणसं झोपतात, घाबरतात, फोन उचलत नाहीत, ओळखीच्याला आधी सांगतात. पुराच्या मदतीच्या यादीत काय काय चालतं, हे मी या पेजवर लिहिलेलं तुम्ही वाचलंय. तेव्हा माणूस म्हणजे देव आणि यंत्र म्हणजे राक्षस, असं माझं म्हणणं नाही. दोघांच्या चुका वेगळ्या आहेत, म्हणून दोघांची कामं वेगळी पाहिजेत.

आता मोबाईलवरच्या इशाऱ्याचं घ्या. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या. सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतंय? बाजारात लोक दचकले, म्हातारी माणसं घाबरली. मग कळलं, चाचणी आहे. व्यवस्था उत्तम आहे, लाखो लोकांना एका क्षणात सावध करते. हे काम कुठल्याही कोतवालाच्या दवंडीला जमणार नाही. पण मोबाईल किंचाळल्यावर काकूनं काय करायचं? काकांना कोण उचलणार? म्हशी कुठं बांधायच्या? वैरण कुठून येणार? आपल्याकडं माणसं घर सोडत नाहीत ती हट्टानं नाही. जनावर सोडून जायचं कसं, हा प्रश्न असतो. 'सुरक्षित स्थळी जावे' असा संदेश यंत्र पाठवतं. सुरक्षित स्थळी दावण आहे का, हे त्यात नसतं. "काकू, चला. म्हशी मी नेतो. वर शाळेच्या मागं बांधायची सोय केलीय," असं सांगणारा माणूस दारात उभा राहिला की काकू उठतात.

'निघा' हा शब्द माणसानं माणसाला सांगायचा आहे. तो आकडा नाही. त्यात सांगणाऱ्यानं स्वतःला गुंतवलेलं असतं. उद्या पाणी नाही आलं तर "उगीच पळवलंस" हे ऐकून घ्यायची तयारी असते. आणि पाणी आलं तर बरोबर उभं राहायची तयारी असते.

२०१९ ला आमच्या गल्लीत एक अण्णा होते. त्यांनी दोन दिवस आधी सगळ्यांना हलवलं होतं. लोक हसले होते, दोघा-तिघांनी शिव्याही दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याच लोकांना गुळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढायची वेळ आली. अण्णांनी तेव्हा एकालाही "बघ, सांगितलं होतं," म्हटलं नाही. ते आता नाहीत. त्यांची जागा मी माझ्या प्रोग्रॅमला देऊन बसलो होतो, हे मला त्या ओट्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

तर मी काय बदललं, ते सांगतो.

प्रोग्रॅम बंद केला नाही. त्याचं काम बदललं. आता तो आकडा टाकतो आणि आकडा किती वाजता मोजलेला आहे ते टाकतो. 'स्थिर', 'वाढ', 'घट' हे शब्द त्याच्याकडून काढून घेतले. ते शब्द फक्त माणूस लिहील, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असेल.

दुसरं, आकडा लागोपाठ दोनदा तसाच आला, किंवा जुन्या वेळेचा आला, की पोस्ट पडत नाही. माझा फोन वाजतो, मी उचलेपर्यंत वाजतो. नाही उचलला तर दुसऱ्याचा वाजतो. यंत्राला शंका आली की त्यानं अंदाज बांधायचा नाही, माणसाला उठवायचं. हे त्या पोरानं दोन तासांत करून दिलं. आधीच सांगितलं असतं तर आधीच दिलं असतं. मीच विचारलं नव्हतं.

तिसरं, पाणी इशारा पातळीच्या वर गेलं की रात्री तिघंजण पाळीनं जागतात, आणि दर दोन तासांनी एकजण घाटावर जाऊन काडी बघून येतो. मोबाईलवरचा आकडा आणि काडी जुळते का, हे बघायला. काही पोरं हसली, "दादा, सेन्सर असताना काडी कशाला?" म्हटलं, सेन्सर बरोबर आहे का ते बघायला. आणि वाटेतली दारं ठोठवायला.

आता हे झालं एका पेजचं. गावाचं काय?

माझी मागणी मोठी नाही. पैसे लागणार नाहीत. नगरपालिका, तालुका प्रशासन, पाटबंधारे, पोलीस आणि आपण नागरिक, एका टेबलावर बसून एक पानभर तक्ता करू. डावीकडं कामं. पातळी मोजणं, अंदाज काढणं, मोबाईलवर संदेश पाठवणं, पाणी कोणत्या गल्लीत आधी येतं ते ओळखणं, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची यादी, जनावरांची सोय, बोट कुठं पाठवायची, वीज कधी तोडायची, रस्ता कधी बंद करायचा. मधल्या रकान्यात, हे यंत्र करणार की माणूस. आणि तिसऱ्या रकान्यात नाव. पद नको, नाव. ते नाव रजेवर असेल तर दुसरं नाव. यंत्राच्या कामापुढंही नाव पाहिजे. यंत्र बंद पडलं हे सर्वात आधी कुणाला कळणार, त्या माणसाचं.

मला खात्री आहे, हा तक्ता भरायला बसलो की मधला रकाना पटापट भरेल. तिसऱ्या रकान्यात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. तिथंच आपला पूर येतो.

ज्या गावात पाच मशिदींत गणपती बसतो, त्या गावाला एकमेकांचं दार कसं ठोठवायचं हे कुणी शिकवायला नको. फक्त कुणाचं दार कुणी ठोठवायचं, एवढं लिहून ठेवायचं आहे.

काकूंना परवा बाजारात भेटलो. नवीन रेडकू आहे. म्हटलं, "काकू, यंदा पेजवर बघताय न्हवं?" म्हणाल्या, "पोरगा बघतोय की. मी आपली काडी रोवतीया." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् तू फोन कर. रात्री किती बी वाजूद्यात."

म्हणून तक्त्यातलं पहिलं नाव मीच लिहून टाकतो. खालची गल्ली, रात्री बारा ते चार, काडी बघणं आणि काकूंना फोन करणं. हे काम माझं. त्या आठवड्यात मी बाहेरगावी असलो तर कोण करणार, हे पावसाआधी इथंच लिहीन.

तुमच्या गल्लीचं नाव आणि तुमचं नाव कळवा. यादी करतोय.